पुंजाआप्पांचा ठोका

पुंजाआप्पा खोडे यांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या छातीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकून पाहिलं, "ठीक हे" म्हणाले आणि पुढं निघून गेले. मी तेव्हा नुकताच सिन्नरहून नाशकात आलो होतो. बोरीच्या चौकात दुकान घेतलं होतं, त्यात झेरॉक्स मशीन बसवलं होतं आणि शेजारीपाजारी पेढे वाटत फिरत होतो. आप्पांनी पेढा घेतला. तो मात्र न ठोकता खाल्ला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

कारण ठोकल्याशिवाय आप्पा कशावरच विश्वास ठेवत नसत. कलिंगड, नारळ, माठ या तर ठोकायच्याच वस्तू, त्यात विशेष काही नाही. पण आप्पा दुधाचा कॅन ठोकत, रिक्षात बसण्याआधी रिक्षाचा टप ठोकत, दवाखान्यात गेले तर डॉक्टरांचं टेबल ठोकून पाहत. माझ्या मेव्हण्यानं पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितला तेव्हा हौसेनं मी आप्पांना सोबत नेलं. त्यांनी खिशातून खडू काढला, गुडघ्यावर बसून हॉलची एकेक फरशी ठोकली आणि जी पटली नाही तिच्यावर फुली मारली. अर्ध्या तासात हॉलमध्ये फुल्याच फुल्या झाल्या. बिल्डरच्या माणसानं विचारलं, हे गृहस्थ कोण. मी म्हणालो, ओळखत नाही. मेव्हण्यानं फ्लॅट घेतलाच, आणि पुढच्या उन्हाळ्यात बरोबर फुल्यांच्या फरशा फटाफट वर आल्या.

ही सवय अंबडची. तिथल्या एका ओतकामाच्या कारखान्यात आप्पा तपासणीला होते. भट्टीतून निघून साफ झालेलं कास्टिंग टेबलावर यायचं आणि आप्पा त्याला हातोडीनं एक टोला द्यायचे. चांगलं कास्टिंग घंटेसारखं बोलतं, आतून चिरलेलं गेंगाणं बोलतं, एवढं साधं शास्त्र. सगळी नोकरी त्यांनी हेच केलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. आप्पांनी ते तिथंच एका शिपायाला देऊन टाकलं आणि आपली हातोडी मागून घेतली. पाव किलोची असेल, दांडा झिजून बोटांच्या खाचा पडलेला. "माणूस खोटं बोलंल, ठोका नाय बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि एखादी गोष्ट मनातून उतरली की नुसतं म्हणायचे, "हे बोलत नाय."

त्यांच्या स्वभावाबद्दल मात्र गल्लीत फारसं बरं बोललं जात नसे. मागून हाक मारली तर ढुंकून बघायचे नाहीत. लोक म्हणत, शिष्ट आहे. बोलायचे तेही भांडल्यासारखं, मोठ्यांदा. त्यांची बायको शेवंताकाकू, हरसूलकडची, अंगानं बारीक पण चालणं ठसक्याचं. आप्पांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काकूच द्यायच्या. "आप्पा, बरं आहे ना?" असं विचारलं की काकू म्हणायच्या, "बरं हे, गुडघा धरलाय जरा." नवऱ्याला तोंड उघडू देत नाही, अशी बाई नको गं बाई, असं आमच्या ओट्यावर बायका बोलत. काकू गेल्यावर आप्पा अधिकच एककल्ली झाले. समोर आले की आपलं म्हणणं सांगायचं आणि चालू लागायचं. मला तर दर भेटीत एकच सल्ला. "राजाभाऊ, मिशी कापा." माझी मिशी ही माझी एकुलती एक मिळकत होती. झुपकेदार, ओठांवरून खाली आलेली. मी त्यांना दर वेळी मनातल्या मनात शिवी देत असे.

आता रहाडीविषयी सांगायला हवं, कारण नाशिकबाहेरच्या माणसाला रहाड म्हणजे काय हे ठाऊक नसतं आणि नाशिककराला ते ठाऊक नसणाऱ्याची कीव येते. रहाड म्हणजे जुन्या गावातल्या रस्त्याखाली असलेला दगडी हौद. चांगला खोल, खोलीएवढा लांबरुंद, पेशव्यांच्या वेळचा. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून झाकलेला असतो. वरून रिक्षा जातात, लग्नाच्या वराती जातात, खाली काय आहे याची कुणाला आठवणही नसते. रंगपंचमीला माती काढायची, हौद धुवायचा, पूजा करायची, फुलांचा उकळलेला रंग ओतायचा आणि दिवसभर त्यात उड्या मारायच्या. त्या उडीला म्हणायचं धप्पा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्या, पुन्हा माती. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूजेचे मानकरी ठरलेले. तिवंध्याला, दिल्ली दरवाज्याला अजून हे चालतं आणि सगळं नाशिक तिथं लोटतं.

आप्पांचं म्हणणं होतं की आमच्या बोरीच्या चौकातही रहाड आहे.

आहे, होती नव्हे. ते बारा-तेरा वर्षांचे असताना ती शेवटची उघडली. पुढं लोक गल्ली सोडून कॉलन्यांमध्ये राहायला गेले, माती उपसायला माणसं मिळेनात, आणि ती झाकली ती झाकलीच. त्यावर दोनदा डांबर पडलं. गल्लीत जुनं म्हणावं असं फारसं कुणी उरलं नव्हतं. दोन म्हातारे होते, त्यांतले एक म्हणत रहाड मारुतीसमोर होती, दुसरे म्हणत नव्हतीच, आप्पाला भ्रम झालाय. कागदावर कुठंही नोंद नाही. नकाशात नाही. तरी रोज सकाळी सात वाजता आप्पा हातात सळई आणि हातोडी घेऊन बाहेर पडत, सळई रस्त्यावर उभी धरत, तिच्या डोक्यावर टोला देत आणि डोळे मिटून उभे राहत. मग वीतभर पुढं. पुन्हा टोला. येणारे जाणारे स्कूटर हळू करून बघत.

मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं की आप्पा, वर्षातून एक दिवस उघडायचा आणि बाकी दिवस पुरून ठेवायचा असा खड्डा हवाय कशाला. त्यांनी माझ्या मिशीकडं बराच वेळ पाहिलं आणि मला पुन्हा बोलायला लावलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "झाकून ठेवलेलं म्हणजे टाकून दिलेलं नाय, राजाभाऊ. तुमच्या घरात पैठणी रोज नेसतात काय?"

मला ते उत्तर आवडलं नाही. कारण खड्डा नको असण्यात माझा स्वार्थ होता. चौकातल्या रस्त्याची चाळण झाली होती आणि धुळीनं माझ्या झेरॉक्स मशीनच्या नाकी नऊ आले होते. प्रत्येक कॉपीवर बारीक काळ्या रेघा. लोक म्हणत, राजाभाऊ, दाखल्यावर पाऊस पडलाय. म्हणून मी गल्लीची समिती काढली, स्वतः सेक्रेटरी झालो, आणि काँक्रिटच्या रस्त्यासाठी इतके अर्ज केले की विभागीय कार्यालयातले लोक मला बघून खुर्ची पुढं करू लागले. रस्ता मंजूर झाला त्या दिवशी मी गल्लीत जिलेबी वाटली. आप्पांनी जिलेबी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात येऊन रस्त्याविरुद्धच्या अर्जाच्या पाच झेरॉक्स काढून नेल्या. सगळ्या कॉपींवर रेघा होत्या. मला बरं वाटलं.

त्या अर्जाचा परिणाम असा झाला की इंजिनीअर गांगुर्डे मॅडम स्वतः बघायला आल्या. तरुण बाई, कपाळावर हेल्मेटची खूण, बोलणं नेमकं. जुनं डांबर खरवडणं चालूच होतं. त्यांनी आप्पांना सांगितलं की तुम्ही एक जागा दाखवा, एकच, आपण तिथं उकरून बघू. आप्पांनी तीन दिवस ठोकून एका जागी खडूनं गोल काढला. तिथं सळईखाली जमीन पोकळ बोलत होती, असं त्यांचं म्हणणं. खोदाईच्या दिवशी सगळी गल्ली जमली. माझा विरोध असूनही मी दुकान बंद करून आलो, कारण फुकटची गंमत कुणाला नको असते. कुणीतरी हळदकुंकू आणलं. जागेची पूजा झाली, आप्पांनी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे ताटात काढून ठेवले आणि मग मजुरांनी पहार घातली. दोन हातांवर फरशी लागली. फरशी खरोखर पोकळ वाजली. टाळ्या पडल्या. फरशी उचलली.

ती तालमीच्या जुन्या संडासाची टाकी होती.

गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या त्याचा आवाज मी आजही विसरलो नाही. डोंगर पोखरून उंदीर निघतो असं ऐकलं होतं, आमच्याकडं उंदीरही बरा म्हणायची वेळ आली. यथासांग पूजा झालेली मैल्याची टाकी अख्ख्या जिल्ह्यात तेवढी एकच असावी. प्रसादाच्या ताटाला कुणी हात लावला नाही. गांगुर्डे मॅडम रुमालातून म्हणाल्या की झालं समाधान, आता काम पुढं जाऊ द्या. आप्पा मात्र शांत होते. त्यांनी वाकून टाकीच्या कडेला एक टोला दिला आणि म्हणाले, "पोकळ होतं का नाय? होतं. कशामुळं पोकळ, हे मी कुठं सांगितलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सळईचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आठवडाभर ते ठोकत राहिले. लोक हसले, मग कंटाळून हसायचं थांबले. एकदा ठेकेदाराच्या मुकादमानं त्यांच्या हातातली सळई काढून घेतली. आप्पा पाठ फिरवून चालू लागले. घरी गेले आणि दुसरी घेऊन आले. तीही काढून घेतली तेव्हा देवघरातली पितळी समई आणली. समईनं रस्ता ठोकणारा म्हातारा बघून मुकादमच वरमला आणि त्यानं दोन्ही सळया परत केल्या.

चौकाच्या तीन बाजूंना खालचा पक्का थर पडला. फक्त माझ्या दुकानासमोरची पट्टी राहिली होती. तीही उद्या होणार आणि त्यावर काँक्रिट चढणार, असं ठरलं. त्या दुपारी मिक्सर माझ्या दाराशीच धडधडत होता आणि त्याच्यापासून चार हातांवर आप्पा सळई ठोकत, डोळे मिटून उभे होते. माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांनी रस्ता होतोय आणि हा माणूस मधे उभा. मी ओट्यावरून हाक मारली. त्यांनी बघितलं नाही. खाली उतरून, अगदी पाठीशी जाऊन ओरडलो, आप्पा, बाजूला व्हा. तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडलो आणि रागानं पाय आपटला. त्याबरोबर ते गर्रकन वळले.

मी एक क्षण थांबलो. मिक्सरच्या त्या गोंगाटात मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मग हे काय ऐकत उभे होते?

तेच मी विचारलं. आप्पांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मिशीकडं पाहिलं, आणि हातानं खूण केली की समजलं नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दोन बोटांनी मिशी वर धरली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं की एवढ्या आवाजात तुम्हाला ऐकू काय येतंय.

"मला कुठं ऐकू येतंय, राजाभाऊ," आप्पा म्हणाले.

मी त्यांना ओट्यावर बसवलं. त्यांनी सांगितलं ते असं. भट्टीखात्याच्या आवाजानं कान गेले तेव्हा नोकरीची पुष्कळ वर्षं बाकी होती. बहिऱ्या माणसाला ठोक्याच्या तपासणीवर कोण ठेवणार? म्हणून त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. ते समोरच्या काचेत डॉक्टरांचं बोट बघायचे, बटण दाबलं की हात वर करायचे. आणि टेबलावर कास्टिंग आलं की टोला द्यायचे आणि दांड्यातून हाताला काय कळतं ते बघायचे. चांगला माल कोपरापर्यंत झिणझिणायचा. चिरलेला मनगटातच मरायचा. "माझ्या हातून गेलेलं एक बी परत आलं नाय," ते म्हणाले. घरी फक्त काकूंना माहीत होतं. म्हणून त्या उत्तरं द्यायच्या.

मला त्या बाईबद्दल आमच्याच ओट्यावर जे बोललं गेलं होतं ते सगळं आठवलं आणि लाज वाटली.

मग त्यांनी मला उठवलं, सळई माझ्या हातात दिली आणि टोला स्वतः दिला. रस्त्याच्या मधोमध ठोका माझ्या मनगटात येऊन विझला. तिथून त्यांनी मला माझ्या ओट्यापाशी आणलं आणि पुन्हा टोला दिला. हात कोपरापर्यंत सणकला. मी सळई सोडून दिली.

"तो काठ हे," आप्पा म्हणाले. "चुकलो मी राजाभाऊ. कारखान्यात सगळा जन्म पोकळ शोधण्यात गेला, तेच हितं शोधीत बसलो. पण रहाड पोकळ राहिली कुठं? पडक्या भिंतींचा राडारोडा टाकून भरली तिला. भरलेलं गप्प राहतं. बोलतो तो काठ."

जमिनीवर खडूच्या रेघा होत्या. मी त्या आठवडाभर बघत होतो आणि म्हातारचळ म्हणून सोडून देत होतो. आता नीट पाहिलं तर चौकोन होता. दोन कोपरे नव्या थराखाली गेलेले. तिसरा आप्पांच्या घराच्या जोत्याखाली, तिथं हात लावला तर भिंत खाली येणार. चौथ्या कोपऱ्याची रेघ सरळ येऊन माझ्या ओट्याला टेकली होती आणि तिथंच संपली होती. हा ओटा मी स्वतः बांधून घेतलेला. मोझेकच्या टाइल्स, कडेला लाल पट्टी, संध्याकाळी चार माणसं बसतील एवढा रुंद. रीतसर सांगायचं तर तो थोडा रस्त्यात आलेला होता, पण ते कुणाला सांगायचं नाही.

आप्पांनी ओटा फोडा असं म्हटलं नाही. उलट म्हणाले, "तुमच्या ओट्याला मी हात लावणार नाय. मेहनतीनं बांधलाय तुम्ही." एवढं बोलून ते घरात गेले. हे फार वाईट केलं त्यांनी. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

मी गांगुर्डे मॅडमना फोन केला. त्यांनी स्पष्ट सांगितलं की खडूच्या रेघेवर काम थांबवता येत नाही, डोळ्यांना दिसेल असं काही असेल तर उद्या सकाळच्या आत दाखवा. फोन ठेवून मी चहा घेतला. दुसरा घेतला. बायकोला सगळी हकीकत सांगून आडून आडून विचारलं की काय करावं. ती म्हणाली, "ओटा काय बघता? पावसाळ्यात त्यावरून घसरून तुम्हीच दोनदा पडलात."

मी ओटा का फोडला, हे लोक अजून विचारतात. वारसा, इतिहास, संस्कृती वगैरे मोठे शब्द मी भाषणात ऐकले आहेत, त्या वेळी त्यांतला एकही मनात नव्हता. हा माणूस माझ्या दारासमोर राहतो आणि बहिरा आहे हे मला इतकी वर्षं कळलं नाही. माझ्या पायाखाली काय आहे तेही कळलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी कळल्या तेव्हा ओरडून पाय आपटण्यापलीकडं आपण या गल्लीत केलं तरी काय, असं वाटलं. लाजेपोटी माणूस बरीच बरी कामं करतो. मी मुकादमाकडून पहार मागून आणली.

चार वाजता पहिला घाव घातला. मला पहारीची सवय नाही, त्यामुळं पाचव्या घावाला पाठ धरली आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर एक वीट पडली ती निराळीच. बघ्यांनी भरपूर सल्ले दिले. मग त्यांतल्याच एकाला राहवलं नाही, त्यानं शर्ट काढला. मग दुसऱ्यानं. मजूरही थांबून बघायला लागले आणि मुकादमानं मिक्सर बंद केला, का ते त्यालाच ठाऊक. टाइल्स गेल्या, विटा गेल्या, मुरूम गेला. कमरेइतकं खाली गेल्यावर पहार खण्णकन वाजली.

काळा घडीव दगड. त्याला काटकोनात बसवलेला दुसरा. दोघांच्या सांध्यात चुना, आणि त्या चुन्यात बोटानं घासलं तेव्हा फिकट पिवळी रेघ. आप्पा काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी हातोडी काढली नाही. नुसता तळवा दगडावर ठेवला.

गांगुर्डे मॅडम दिवस मावळायच्या आत आल्या. खड्ड्यात उतरल्या, टेप लावला, फोटो काढले. मग इकडंतिकडं बघून त्यांनी हळूच बोटाच्या पेरानं दगडावर दोनदा ठोकलं. वर येऊन म्हणाल्या, "काम थांबवा. नकाशा मी बदलून घेते."

पुढचे काही महिने माझ्या दुकानात जी धूळ आली तिचं वर्णन करत नाही. मशीन दोनदा दुरुस्तीला गेलं. पण एक चमत्कार बघितला. रविवार आला की गल्ली सोडून गेलेली माणसं परत येऊ लागली. इंदिरानगरहून, देवळाली कॅम्पातून, कुणी अंबडची रात्रपाळी संपवून थेट. ज्यांना मी नावानंही ओळखत नव्हतो ते लोक घमेली घेऊन रांगेत उभे राहायचे आणि राडारोडा हातोहात बाहेर जायचा. पोक्त माणसं मुलांना दाखवत होती, इथं आपलं घर होतं. घरं नव्हतीच, जागाही बदलल्या होत्या. पण उभं राहून बोट दाखवायला एक काठ मिळाला होता. एवढ्यासाठी तरी जुनं शिल्लक असावं, असं मला आता मनापासून वाटतं. नाहीतर माणसानं परत यायचं कुठं?

अर्थात भांडणंही झाली. रहाडीचा रंग कोणता, यावर दोन्ही म्हाताऱ्यांत जुंपली. नव्हतीच म्हणणारे आता गुलाबीवर अडून बसले होते. चुन्यातली रेघ पिवळी आहे म्हटलं तरी ऐकेनात. आप्पांनी निकाल लावला. त्यांच्या आईनं त्यांच्या कानामागचा पिवळा रंग आठवडाभर घासून काढला होता, ते कान अजून दुखतात म्हणाले. रंग पिवळा ठरला. आणि मी मिशी कापली. बायको म्हणाली दहा वर्षांनी तरुण दिसता, ते खोटं आहे. पण आप्पांना आता माझं बोलणं एका दमात कळतं, आणि आमची भांडणं निम्म्या वेळात संपतात.

रंगपंचमीला सकाळी आप्पांनी पूजा केली. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. नारळ फोडताना त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. पिवळ्याधमक पाण्यात पहिला धप्पा पडला आणि मग जे सुरू झालं ते मी सांगू शकत नाही. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल होते, हसणं होतं, म्हाताऱ्या बायका खिडक्यांतून पाणी मारत होत्या. गांगुर्डे मॅडम मोबाईल पिशवीत बांधून माझ्या बायकोच्या हातात देऊन गर्दीत दिसेनाशा झाल्या. दुपारी कुणीतरी म्हणालं, आप्पांसोबत सगळ्यांचा फोटो काढू. आप्पा कुठंच नव्हते.

त्यांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेलो. स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर ते भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसले होते. दोन्ही तळवे फरशीवर सपाट. डोळे मिटलेले. मी उंबऱ्यातून पाऊल आत टाकलं आणि ते डोळे न उघडता म्हणाले, "या राजाभाऊ. अंगठा अजून दुखतोय, पाय दाबून टाकता."

मी त्यांच्या समोर बसलो. ते डोळे उघडून माझ्या तोंडाकडं बघू लागले तेव्हा मी विचारलं की बाहेर एवढी जत्रा भरली आहे आणि तुम्ही इथं का.

आप्पांनी तळव्यानं फरशी पुसल्यासारखी केली. मग हळू म्हणाले, इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "ही होती ना, तवा मला घरात कधी बघायला लागायचं नाय. फरशीवर पाय पडला की तळव्याला कळायचं, चुलीकडं गेली, आता दारात हे, आता आली. लय ठसक्यानं चालायची. माझ्यासाठीच तशी चालायची, मला नंतर कळलं. ती गेली न् फरशी गप झाली. तीन वर्षं झाली, राजाभाऊ. सकाळी उठून हात ठेवायचो. काय सुदीक नाय."

बाहेर एक धप्पा पडला. रहाडीचा एक कोपरा त्याच जोत्याखाली होता. फरशी थरथरली, ताकातल्या रवीसारखी बारीक, आणि मागोमाग नाचणाऱ्या शेकडो पायांची धडधड आली. आप्पांनी पुन्हा डोळे मिटले.

"जड माणूस हे हा," ते म्हणाले. "पाठीवर पडला."

बाहेर आप्पांच्या नावानं हाका चालल्या होत्या. मी उठलो नाही. चपला काढून बाजूला ठेवल्या, दोन्ही तळवे फरशीवर टेकवले आणि त्यांच्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसलो.